आपापल्या चौकडीत उभे राहा

मटामाच्या माथ्यावरचं गवत मी सहज ओढलं आणि मुळांसकट अख्खी ढेप हातात आली. ढेपेखाली मुरूम. मुरमात बोटं घालून खरवडलं तर खाली काळी माती. मी खड्ड्यात उकिडवा बसलो होतो आणि वर बांधावर अर्धं गाव उभं होतं. चौकशीच्या वेळी शाखा अभियंत्याने हसू नये, पण मला हसू आवरेना. खोकल्याचं निमित्त केलं आणि ढेप होती तशी परत ठेवून दिली.

हसू का आलं ते सांगतो. रोजगार हमीवर मातीकाम हाताने करायचं असतं. नाल्यावर मातीचा बांध घालायचा असेल तर त्याची माती शेजारच्या जमिनीतून घेतात. तिथे आम्ही फक्कीने, म्हणजे चुन्याच्या भुकटीने, चौकोन आखून देतो. एक चौकोन म्हणजे एक चौकडी. एकेका जोडीला एकेक चौकडी मिळते. एकाने टिकावाने खोदायचं, दुसऱ्याने घमेल्याने माती वाहायची. जेवढी माती निघेल तेवढी मजुरी. आता खोदून झाल्यावर मूळची जमीन किती उंच होती हे कळणार कसं? म्हणून चौकडीच्या मधोमध मातीचा एक खांब न खोदता तसाच सोडतात. आमच्या खात्यातले जुने लोक त्याला मटाम म्हणत, मीही तेच म्हणतो. त्याच्या डोक्यावर मूळ जमिनीचं गवत असतं आणि अंगात मूळ जमिनीचे थर असतात. तिथल्या रानात काळी माती वर आणि मुरूम खाली. ह्या मटामात मुरूम वर आणि काळी माती खाली.

म्हणजे हा खांब कोणी सोडलेला नव्हता, नंतर रचलेला होता. खड्डे मशीनने काढले होते. चौकशी येणार असं कळल्यावर कोणीतरी घाईघाईने प्रत्येक खड्ड्यात एकेक मटाम उभा केला होता आणि वरून गवताची टोपी घातली होती. नोकरीत मी सिमेंट चोरणारे पाहिले, डांबर चोरणारे पाहिले. मटाम बांधणारे पहिल्यांदाच पाहत होतो.

ह्या गावाशी माझा काडीचा संबंध नव्हता आणि म्हणूनच मला बोलावलं होतं. मी वसमतचा, नोकरीही तिकडेच. एक दिवस आमच्या उपअभियंता साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"कदम, हिंगोलीहून लोकपाल मॅडमचा निरोप आहे. एका बांधाची चौकशी आहे. दुसऱ्या तालुक्याचा इंजिनिअर पाहिजे म्हणतात. तुम्ही जा."

"मीच का साहेब?"

"तुम्हाला तिकडं कोणी मित्र नाही. खरं तर इकडंही नाही." साहेब स्वतःच्या विनोदावर हसले आणि मग गंभीर झाले. "जा, मोजा, मापं द्या आणि या. मत देऊ नका. लोकपाल आज आहेत, उद्या मुदत संपली की घरी जातील. आपल्याला रिटायर होईपर्यंत ह्याच लोकांत दिवस काढायचे आहेत."

लोकपाल म्हटलं की दिल्लीचं काहीतरी भव्य डोळ्यांसमोर येतं. रोजगार हमीच्या कायद्यात मात्र जिल्ह्यालाही एक लोकपाल नेमायची सोय आहे. मजुराने तक्रार केली की त्याने ऐकायची, जागेवर जाऊन चौकशी करायची आणि निवाडा द्यायचा. निवाडा म्हणजे निकाल, पण अंमलबजावणी पुन्हा सरकारी खात्यानेच करायची. लोकपालाकडे पोलीस नाही, जेल नाही. आमच्या मॅडमकडे तर एक खोली, दोन खुर्च्या आणि अर्धा वेळ येणारा एक ऑपरेटर होता. त्या आधी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायच्या. पोरांना लोकशाही शिकवून निवृत्त झाल्या आणि आता ती चालते का हे बघायला बसल्या, असं आम्ही ऑफिसात चेष्टेने म्हणायचो. त्या चेष्टेत माझाही आवाज असायचा.

त्या खोलीत मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तक्रारदार बाई समोर बसली होती. गयाबाई. कोरडवाहू दोन एकर, चार शेळ्या, नवऱ्याची कंबर गेलेली. तरी दरवर्षी दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रॅक्टर गावात यायचा आणि सगळं घर ऊस तोडायला निघायचं. यंदा मोठी मुलगी दहावीला होती.

"मॅडम, मला पैसे नकोत," गयाबाई म्हणाली. "गावात काम द्या. काम भेटलं तर आमी ऱ्हातो. न्हाई भेटलं तर जावंच लागतंय. पोरीला एकटी घरी ठेवता येत न्हाई, अन् फडावर दहावीची शाळा न्हाई."

"काम मागितलं होतं का?"

"मागितलं की. म्हणले, तुमच्या गावाचं काम झालं, संपलं. कवा झालं? आमी तर कोणी टिकाव उचलला न्हाई. मशीन आलती, दोन रातीत बांध उभा. सकाळी आमाला बोलवायचे, हातात घमेले देऊन फोटो काढायचे अन् घरी धाडायचे. थोडंफार हातावर टेकवायचे." मग जरा थांबून ती म्हणाली, "मी बी एक दिवस उभी राहिले होते. खोटं कशाला बोलू?"

हजेरी मोबाईलवर फोटो काढून लावायची असते, म्हणून हा उद्योग. मॅडमनी विचारलं, "तुमचं नाव गुप्त ठेवू का?"

"गाव केवढं मॅडम? ठेवून काय उपेग."

मला ती बाई त्याच क्षणी आवडली. वाईटही वाटलं, कारण असल्या प्रकरणांचं पुढे काय होतं हे मला ठाऊक होतं. गाव एक होतं, तक्रारदार एकटा पडतो आणि शेवटी 'गैरसमजातून तक्रार केली' असं सांगून गप्प बसतो. ट्रॅक्टर तेवढा वेळेवर येतो.

चौकशीच्या दिवशी मॅडम माझ्याच जीपमध्ये बसल्या, कारण त्यांना गाडी नव्हती. गावात शिरलो तर शाळेसमोर मंडप. सरपंचबाईंचे यजमान बापूराव पुढे आले. सरपंच बाई असल्या तरी कारभार बापूरावच बघायचे, आणि ज्या मशीनने खड्डे काढले ती त्यांच्याच मेहुण्याची आहे असं गयाबाईने सांगून ठेवलं होतं. पाहुणा आला की त्याचा सत्कार करायचा ही आमच्या भागातली रीत. मॅडमसाठी साडीचोळी आणि नारळ, माझ्यासाठी दस्ती, म्हणजे रुमाल, आणि टोपी. मला काही कळायच्या आत टोपी डोक्यावर चढली आणि कोणीतरी मोबाईलवर फोटोही काढला.

"बापूराव, आधी बांध दाखवा," मॅडम म्हणाल्या.

"बांध कुठं पळून चाललाय मॅडम? चहा-पाणी तर घ्या."

"तक्रारीची चौकशी संपेपर्यंत मी तक्रारदाराचाही चहा घेत नाही आणि तुमचाही नाही. राग मानू नका." आणि त्यांनी नुसतं माझ्या डोक्याकडे बघितलं. मी टोपी काढून खुर्चीवर ठेवली.

तर असे आम्ही बांधावर पोचलो. मी टेप घेऊन खड्ड्यात उतरलो आणि ती गवताची ढेप हातात आली.

मी धापा टाकत वर आलो आणि मॅडमना बाजूला घेतलं. "मॅडम, सापडलं. मटाम रचलेले आहेत. थर उलटे आहेत. इथंच, सगळ्यांसमोर फोडून दाखवतो."

"रिपोर्टमध्ये लिहा," त्या म्हणाल्या. "इथं एक शब्द नको."

"अहो, पण हातात पुरावा आहे!"

"कदमसाहेब, तुम्ही म्हणाल रचलेला आहे. त्यांचा इंजिनिअर म्हणेल पावसाने खचला म्हणून दुरुस्त केला. दोन इंजिनिअरांचं भांडण वरच्या ऑफिसात किती वर्षं चालेल, तुम्हीच सांगा. तोपर्यंत त्या पोरीची दहावी होऊन जाईल. आणि तुमच्या पुराव्याने आधी कोण सापडेल? फोटोत बापूराव नाहीत, मजूर आहेत. खोट्या हजेरीचे पहिले गुन्हेगार तेच ठरतील."

मला राग आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत असा आयता पुरावा कधी हाती लागला नव्हता, आणि ह्या बाई म्हणतात गप्प बसा. पण त्या म्हणत होत्या त्यात खोट काढता येत नव्हती, म्हणून राग गिळला.

मॅडमनी मजुरांना बोलावलं. बाया एका बाजूला, गडी एका बाजूला. "हे काम कोणी केलं?"

"आमीच केलं," सगळे एका सुरात म्हणाले. पाठ केलेली कविता म्हणतात तसा सूर होता.

गयाबाईचा धाकटा दीर मारोती पुढे झाला. "मॅडम, आमच्या वैनीचं मनावर घेऊ नका. घरात तकलीफ हाय, भावाची कंबर गेलीय. तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. काहून असं करून राहिली, आमाला बी समजेना."

गयाबाई पदर घट्ट धरून उभी होती. दिराकडे एकदा बघितलं आणि नजर खाली घातली. मला वाटलं, आता ही बाई मागे फिरणार, आणि फिरली तर तिला दोष देता येणार नाही. सगळ्या गावाविरुद्ध एकटीने उभं राहणं मला तरी जमलं नसतं.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "बरं. तुम्हीच खोदलं. मग माझं काम सोपं झालं. ज्याने त्याने आपापल्या चौकडीत जाऊन उभं राहा. जोडीदारासकट."

माझ्या मनात लख्ख उजेड पडला. मातीकाम केलेला मजूर आणखी काहीही विसरेल, स्वतःची चौकडी विसरत नाही. कुठे दगड लागला, कुठे बाभळीची मुळी आली, कुठे पाणी लागून पाय रुतला, हे त्याच्या अंगात बसलेलं असतं. आणि शेजाऱ्याशी भांडण तर हमखास. तुला मऊ रान आलं, मला खडक आला. तू हद्द इकडे सरकवली. ह्या भांडणांपायी मी भर उन्हात तास तास टेप धरून उभा राहिलोय. कॉलेजात शिकवणाऱ्या बाईंना हे कुठून माहीत? नंतर विचारलं तर म्हणाल्या, पदावर आल्या आल्या त्या जवळा बाजारच्या बाजूला एका कामावर आठवडाभर रोज जाऊन बसल्या होत्या. तक्रारी ऐकायच्या तर काम कसं चालतं ते आधी बघावं म्हणून.

इकडे माणसं खाली उतरली. पण उतरून करायचं काय? कोणी इकडे बघतोय, कोणी तिकडे. काही जण पहिल्याच चौकडीत घुसले, कारण ती जवळ होती. दोन बाया एका खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून एकमेकींना विचारत होत्या, "ह्यात उतरू का त्यात?" मारोती जोरात चालत एका चौकडीपाशी गेला. तिथे आधीच एक म्हातारा आणि त्याची बायको उभी होती. मारोती थबकला.

"ये की," म्हातारा सरकून म्हणाला. "ह्यातच उभा ऱ्हा. जागा लय हाय."

मी बांधावरून हे ऐकलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे देवा." खोदलेल्या चौकडीत दुसऱ्याला प्रेमाने जागा करून देणारा मजूर मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

बापूराव घाईने म्हणाले, "मॅडम, लय दिवस झाले आता. इसरले असतील लोकं."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "कदमसाहेब, मजूर आपली चौकडी विसरतो का?"

साहेबांचं वाक्य आठवलं, मत देऊ नका. बापूराव माझ्याकडे टक लावून बघत होते.

"नाही विसरत," मी म्हणालो. "एक वेळ बायकोचं नाव विसरेल, पण चौकडी नाही विसरत."

खड्ड्यातून कोणीतरी फसकन हसलं. मग आणखी कोणी. दोन-चार बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. इतका वेळ जे ओझं सगळ्यांच्या मानेवर होतं ते जरा हललं. मॅडम बांधाच्या टोकाशी आल्या आणि आवाज न चढवता बोलल्या.

"ऐका. मी मजुरांवर कारवाई करायला आलेली नाही आणि तसं काही लिहिणारही नाही. तुम्हाला काम द्यायचं सोडून फोटोला उभं करणारा जबाबदार आहे. हे तुमच्या हक्काचं काम होतं, ते मशीनने केलं. आता दिवाळीनंतर तुमच्यातले किती जण बाहेर जाणार आहेत? गावातच काम पाहिजे असेल तर आधीचं काम झालं नाही हे कोणीतरी मला सांगायला पाहिजे. एकट्या गयाबाईंनी सांगितलं. आणखी कोणी सांगणार आहे का?"

मग मारोती त्या खड्ड्यातच खाली बसला. मोठा धिप्पाड गडी, पण चेहरा लहान पोरासारखा झाला होता.

"आमी फकस्त फोटोला उभं राहिलो," तो म्हणाला. "न्हाई म्हणलं तर पुढल्या टायमाला आमचं नाव घेत न्हाईत. काय करावं?" आणि मान वर न करता म्हणाला, "वैनी, चुकलं माझं."

त्यानंतर बोलायला वेळ लागला नाही. एकाने तोंड उघडल्यावर सगळेच बोलू लागले, मग कोणाला थांबवायचं असा प्रश्न. मॅडमनी प्रत्येकाचं म्हणणं तिथेच लिहून घेतलं आणि लिहिलेलं तिथेच, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून दाखवलं. बापूरावांचंही वाचलं. ऑफिसात बंद दाराआड माणूस काहीही सांगतो. भावकीसमोर आपलंच बोलणं दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागलं की जड जातं. बापूरावांनी स्वतःच्या जबाबातली दोन वाक्यं आपणहून काढायला लावली. मी मनातल्या मनात त्या बाईंना सलाम ठोकला. आमच्या ऑफिसातली ती चेष्टा मी त्यानंतर कधी केली नाही.

पण इथे गोष्ट संपत नाही. परत आल्यावर साहेब म्हणाले, "छान. आता निवाडा वर जाईल. ते अपील करतील. मग खुलासे, सुनावण्या. लोकपालाचा कागद म्हणजे शेवटी विनंतीच हो कदम." साहेब चुकत नव्हते. ही संस्था अशीच आहे. तिला ऐकता येतं, बघता येतं, लिहिता येतं. करायचं मात्र दुसऱ्यांनी. आणि दिवाळी तोंडावर आली होती.

मॅडमना हे माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी निवाड्याचे दोन भाग केले. दोषी कोण, कोणावर काय कारवाई, हा एक भाग. त्यावर ज्याला जितकी अपिलं करायची तितकी करू दे. दुसरा भाग फक्त एवढाच की ह्या गावात मजुरांनी काम मागितलं आहे, आणि मागितल्यापासून पंधरा दिवसांत ते द्यायचं असा कायदा आहे. ह्याविरुद्ध अपील करायला कोणाकडे काही मुद्दाच नव्हता. मला हे फार आवडलं. इतकी वर्षं आम्ही भ्रष्टाचाराची चौकशी म्हणजे चोर पकडणं एवढंच समजत आलो. ज्याचं गेलं त्याला आधी परत द्यावं, हे कोणी सुचवलंच नव्हतं.

वरच्या ऑफिसने नेहमीचं उत्तर दिलं, नवीन काम मंजूर करायला वेळ लागेल. मॅडम स्वतः तिथे गेल्या. मलाही सोबत नेलं.

"नवीन कशाला?" त्या म्हणाल्या. "शेल्फवर काय आहे?"

शेल्फवरचं काम म्हणजे आधीच मंजूर करून ठेवलेलं, मागणी आली की लगेच सुरू करायचं काम. प्रत्येक गावासाठी अशी कामं तयार ठेवावी लागतात. शोधलं तर त्याच नाल्यावर, जरा वरच्या अंगाला, दुसरा एक बांध मंजूर होऊन पडला होता.

"पण त्या बांधाची मापं लिहिणाऱ्या तांत्रिक सहायकाला कामावरून बाजूला केलंय. आखणी कोण करणार?" तिथले अधिकारी म्हणाले.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. काही उपयोग झाला नाही. जादा कार्यभार म्हणून ते काम माझ्या गळ्यात पडलं.

आखणीच्या दिवशी मॅडम पुन्हा आल्या. त्यांना यायचं काही कारण नव्हतं, निवाडा देऊन झाला होता. त्या एका दगडावर बसून राहिल्या. फक्कीची पहिली रेघ जमिनीवर पडली, गयाबाई आणि तिच्या जावेने आपली चौकडी घेतली, पहिला टिकाव पडला, तेव्हा कुठे उठल्या. "निकाल दिला म्हणजे काम झालं असं मला वाटत नाही," एवढंच म्हणाल्या. मी त्यांना हिंगोलीच्या एसटीत बसवून दिलं. जीप द्यायला निघालो होतो, पण त्यांनी ऐकलं नाही.

दोन दिवसांनी मुकादमाचा ट्रॅक्टर आला. त्या वेळी मी साइटवरच होतो. गावात भोंगा वाजत राहिला. कामावरची माणसं एकमेकांकडे बघत होती. काही घरं गेली, त्यांनी मुकादमाला शब्द दिला होता आणि तो मोडणं त्यांना परवडणारं नव्हतं. मारोती गेला नाही. गयाबाई तर खोदता खोदता उभीसुद्धा राहिली नाही. ट्रॅक्टर निघून गेला आणि आवाज विरला, तेव्हा तिने टिकाव खाली ठेवला, डोळ्यांना पदर लावला आणि खूप रडली. तिची जाऊ पाठीवर हात फिरवत होती. मला काय करावं सुचेना, म्हणून मी विनाकारण टेप गुंडाळत बसलो. माझेही डोळे भरले होते हे सांगायला आता लाज वाटत नाही.

संध्याकाळी परतताना गयाबाईची ती दहावीतली मुलगी दिसली. दप्तर पाठीला, शेळ्या पुढे घालून घरी चालली होती. तिला माहीतही नसेल मी कोण ते.

दोषींचं काय झालं? निम्मं झालं. मशीनवाल्याचं बिल अडलं, तांत्रिक सहायक घरी बसला, बापूरावांचं प्रकरण अजून वरच्या पायरीवर फिरतं आहे. पुढच्या वेळी गावात भेटले तेव्हा त्यांनी मला रामराम घातला, मीही घातला. आमच्या जिल्ह्यात माणसं अशीच वागतात.

साधारण महिन्याभराने मला एक लखोटा आला. लोकपाल कार्यालय, हिंगोली. आभाराचं पत्र असणार असं समजून मी ते साहेबांच्या समोरच ऐटीत उघडलं. नोटीस होती. कामाच्या जागी मजुरांसाठी सावलीची सोय नाही, लहान मुलं उन्हात बसतात, अशी तक्रार आली आहे, तीन दिवसांत खुलासा करावा. तक्रारदार गयाबाई.

साहेब इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मी मात्र पेटलो. ह्या बाईसाठी मी बापूरावांचं वैर घेतलं, दुसऱ्या तालुक्यातून रोज धूळ खात जातोय, आणि माझीच तक्रार? बाहेर जाऊन तडक फोन लावला.

"मॅडम, निदान मला तरी आधी सांगायचं. मी तुमचाच माणूस ना?"

"लोकपालाचा कोणी माणूस नसतो, कदमसाहेब," त्या म्हणाल्या. "सावली आहे का नाही?"

"नाही, पण—"

"मग खुलासा द्या." फोन ठेवला.

मी तसाच साइटवर गेलो. गयाबाई चौकडीत होती. मला बघून तिने टिकाव बाजूला ठेवला. घाबरल्यासारखी काही दिसली नाही.

"गयाबाई, काहून केली तक्रार? मला सांगायचं होतं की."

"सांगितलं व्हतं साहेब. दोन डाव. तुमी व्हय व्हय म्हणले अन् गेले."

बरोबर होतं. मला आठवलं. मी गावातून ताडपत्री आणि चार बल्ल्या मागवल्या आणि मारोतीला हाताशी घेऊन तिथेच सावली उभी केली. लेकरं लगेच खाली येऊन बसली. गयाबाई येऊन बघून गेली. परत जाता जाता वळून म्हणाली, "दुपारून ऊन ह्या अंगानं येतंय साहेब. जरा खाली सरकवा."

लोकपाल वगैरे नेमून काही फरक पडतो का, असं मला अजून लोक विचारतात. मोठ्या शहरांतलं मला माहीत नाही. आमच्याकडे एक मजूर बाई इंजिनिअरला ताडपत्री कुठे बांधायची ते न भिता सांगते, एवढा फरक पडलेला मी पाहिला आहे. मी दोऱ्या सोडल्या आणि ताडपत्री खाली सरकवली.